पाचर कुणी मारली?

१

रंगमंच पाव फेरा फिरला, कण्हला आणि जागच्या जागी थांबला.

खाली तळघरात मोटर घूं घूं करत राहिली. वर गोल लाकडी चकतीवर ठेवलेली रिकामी खुर्ची नुसतीच थरथरली. चौकशी अधिकारी मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी आपल्या थर्मासचं झाकण सावकाश लावलं आणि विचारलं, "एवढंच फिरतं का हे?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही मॅडम, पूर्ण फिरतो. परवाच्या नाटकात फिरला होता..." त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा घूं घूं. त्याची बायको विंगेत उभी होती, तिने डोळेच मिटून घेतले.

दोन खुर्च्या सोडून बसलेल्या थोरल्याच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. चेहरा त्याने गंभीर ठेवला होता, पण पायाचा अंगठा चपलेत नाचत होता.

दोघे सख्खे भाऊ. शहरातल्या मोठ्या सरकारी नाट्यगृहाला नवा फिरता रंगमंच बसवायचा होता आणि त्याची निविदा दोघांनीही भरली होती. थोरला बापाचा कारखाना चालवणारा; सरकते पडदे, फिरते मंच, वरखाली होणारे मजले, हेच त्याचं आयुष्य. धाकटा नाटकांना दिवे पुरवायचा. पण धाकट्याचा दर कमी निघाला आणि ठेका त्याला मिळाला.

परक्याने ठेका नेला असता तर थोरल्याने दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी विसरला असता. हा सख्ख्या भावाने नेला होता, त्यामुळे विसरायला जागाच सापडेना. जेवताना घास तोंडातच फिरायचा. कुणी धाकट्याचं नाव काढलं की कानशिलं तापायची. शेवटी त्याने सरकारदरबारी हरकत घेतली. निविदेत अट स्पष्ट होती: मोटरवर चालणारा किमान एक फिरता रंगमंच ठेकेदाराने स्वतःच्या माणसांकडून आखून, बांधून घेतलेला असावा. 'आमचा धाकटा दिवे लावणारा माणूस,' थोरल्याने लिहिलं, 'त्याने जन्मात साधा पाट ठोकलेला नाही.'

धाकट्याने उत्तरात शेजारच्या गावातल्या क्लबच्या सभागृहाकडे बोट दाखवलं. हा मंच मी बांधला, या आणि बघा. म्हणून आज सुनावणीआधीची ही पाहणी. आणि पाहणीत मंच अडकला.

"खाली जाऊ या," मॅडम म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

तळघराचं दार बुटकं होतं, वाकूनच जावं लागायचं. आत गोल रूळ, त्यावर चाकं, मधोमध जाडजूड आस. मॅडमनी विजेरी फिरवली आणि एका चाकाशी थांबल्या. चाक आणि रूळ यांच्यामध्ये लाकडाची एक पाचर घट्ट बसवलेली होती. त्यांनी ती उपसून काढली, उजेडात धरली, उलटीपालटी केली. पाचरीच्या एका अंगाला निळी रेघ होती.

"ही रेघ कसली?"

धाकटा पुढे झाला. पाचर बघितली, मग भावाकडे बघितलं. त्याचा आवाज चिरकला.

"हे दादाच्या कारखान्यातलं लाकूड आहे, मॅडम. तो आपल्या प्रत्येक फळीला अशीच निळी रेघ मारतो. चोरी होऊ नये म्हणून."

२

"मी? मी कशाला पाचर मारू?" थोरला ओरडला. तळघर बुटकं असल्याने त्याचं डोकं वरच्या तुळईला आपटलं, आणि त्यामुळे त्याचा संताप थोडा हास्यास्पद झाला.

"कशाला म्हणजे?" विंगेतून खाली आलेली धाकटी सून बोलली. एरवी ती त्याच्यासमोर आवाज चढवत नसे. "भाऊजी, राग येऊ देऊ नका, पण आमचं काही बरं झालेलं तुम्हाला कधी बघवलंय का? आम्ही घर घेतलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'उजेड फार येतो.' उजेड येतो हीसुद्धा तक्रार!"

"फार येतोच," थोरला पुटपुटला.

मॅडमनी सभागृहाच्या पहारेकऱ्याला बोलावलं. पिळदार मिशांचा, सरळ मनाचा माणूस. तळघराची किल्ली त्याच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असायची.

"काल इथे बाहेरचं कुणी आलं होतं?"

"बाहेरचं कुणीच नाही, मॅडम. सभागृहात पाखरू फिरकलं नाही." मग त्याची नजर थोरल्यावर गेली आणि तो अडखळला. "म्हणजे... आत कुणी नाही. पण हे साहेब काल संध्याकाळी फाटकासमोर उभे होते. बराच वेळ. मी विचारलं काय पाहिजे, तर म्हणाले, काही नाही."

सगळे थोरल्याकडे बघू लागले. तो खरंच आला होता. बसने येऊन, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभा राहून त्याने त्या इमारतीकडे नुसतं बघितलं होतं. दुखरा दात जिभेने चाचपावा, तसं. पण हे मॅडमना कसं सांगायचं?

"मी आत गेलो नाही," तो एवढंच म्हणाला.

"बरं," मॅडम म्हणाल्या. खरं नाही, खोटं नाही, नुसतं बरं.

वर जायला तो वळला तेव्हा विजेरीचा झोत सहज आसाच्या बैठकीवर पडला. थोरला थबकला. लोखंडी पट्टीवर ओळीने स्क्रू होते, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच एकाच दिशेला होती. एकही वाकडी नाही. शाळेतली मुलं रांगेत उभी करावीत तशी. अंधारात, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे.

लहानपणी एका स्क्रूची खाच तिरकी राहिली म्हणून त्याने थोबाडीत खाल्ली होती. "लोकांना दिसत नाही म्हणतोस? तुला दिसतंय ना?" मारणारा हात त्याच्या बापाचा होता. असं काम करणारा दुसरा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. आणि तो माणूस गेली दोन वर्षं थोरल्याच्या घरी, खिडकीशी, त्यानेच आणून दिलेल्या आरामखुर्चीत बसत होता.

निदान थोरल्याची तरी तशी समजूत होती.

३

"बाबा, रोज दुपारी वाचनालयात जाता, काय वाचता?" थोरल्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"पेपर."

"कोणता?"

"जो मोकळा असेल तो," बाबा म्हणाले आणि चहा बशीत ओतला. थोडा चहा बशीबाहेर सांडला. दुखरा गुडघा त्यांनी पुढे पसरला होता.

थोरला स्वयंपाकघरात गेला. बायकोने त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "अहो, विचारून टाका ना सरळ."

"काय विचारू? धाकट्यासाठी मंच बांधलात आणि मला बोलला नाहीत, असं? मी काय लहान आहे?"

"आहातच," ती म्हणाली.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. ठेक्याची जळजळ एक होती. ही दुसरीच होती आणि खोल होती. बापाचा कारखाना त्याने सांभाळला. बापाची औषधं, बापाचा चष्मा, बापाचं पथ्यपाणी, सगळं त्याने बघितलं. आणि बापाचे हात चालले ते धाकट्यासाठी! कष्ट आपले आणि माया दुसऱ्याच्या वाट्याला. आता हे सुनावणीत सांगितलं तर धाकट्याचा ठेका गेलाच. मंच त्याने बांधलेलाच नाही, याचा साक्षीदार आपल्या घरात चहा पितोय. पण सांगायचं म्हणजे चारचौघांत उभं राहून कबूल करायचं, की माझ्या बापाला माझ्यापेक्षा तो जवळचा.

त्यापेक्षा जीभ तोडलेली बरी.

दारावर थाप पडली. मॅडम होत्या. हातात थर्मास, खांद्याला पिशवी. "कारखाना बघायचा होता," त्या म्हणाल्या.

कारखाना घरामागेच होता. मॅडमनी निळ्या रेघांच्या फळ्या बघितल्या, तुकड्यांचा ढीग बघितला, रंधा उचलून धार बघितली. "इथे कोण कोण येतं?"

"कामगार आठवडाभर गावी गेलेत, कुलूप असतं. मी, बायको..." तो थांबला. "आम्हीच."

"आम्हीच म्हणजे घरचे."

"हो."

मॅडमनी पिशवीतून पाचर काढली. "मला नाटकातलं काही कळत नाही. नाट्यगृहात मी बहुतेक वेळा झोपते. पण माझे आजोबा सुतार होते. या पाचरीच्या कडा बघा. चारही कडा कानसून गोल केल्यात, कुणाच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. घातपात करायला निघालेला माणूस कडा कशाला कानसेल?"

थोरल्याने एका कडेवरून बोट फिरवलं.

"आणि काल खाली तुम्ही स्क्रूंकडे बघून का थांबलात?"

"धूळ होती," थोरला म्हणाला.

मॅडमनी पाचर पिशवीत टाकली. "उद्या माझ्याबरोबर क्लबात चला. तुमच्यावर संशय आहे, तेव्हा तुमच्यासमोरच विचारलेलं बरं."

जाताना त्या दिवाणखान्यातून गेल्या. आरामखुर्ची रिकामी होती. अंगणातून बाबांच्या काठीचा आवाज लांब लांब जात होता.

४

तळघराच्या दाराशी मॅडम उकिडव्या बसल्या आणि थोरल्याला एक गोष्ट दाखवली. उंबऱ्याच्या आत एक जास्तीची लाकडी पायरी ठोकलेली होती, आणि भिंतीला, मांडीच्या उंचीवर, धरायला एक दांडा.

"ज्याचे गुडघे धड आहेत त्याला याची गरज नाही. मी उतरले, तुम्ही उतरलात, तुमचा भाऊ तर उडीच मारतो. हे कुणासाठी?"

थोरला वाकला. त्या दांड्याची टोकंसुद्धा गोल कानसलेली होती.

मॅडमनी पहारेकऱ्याला हाक मारली. "परवा मी तुम्हाला विचारलं, बाहेरचं कुणी आलं होतं का. तुम्ही म्हणालात, नाही."

"नाहीच आलं."

"आणि बाहेरचं नसलेलं?"

पहारेकऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे आपले बाबा? ते येतातच की! ते काय बाहेरचे आहेत? मंच बांधत होते तेव्हा रोज दुपारी यायचे. आता अधूनमधून येतात, तेलपाणी करतात. पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी आले होते. मीच किल्ली दिली. खाली जरा ठाकठूक केली, माझ्याबरोबर चहा घेतला आणि गेले." मग त्याला एकदम शंका आली. "का हो? काही चुकलं का?"

"तुमचं नाही," मॅडम म्हणाल्या.

थोरला पायरीवर बसला. पाचर आपल्या कारखान्यातली, आणि आपण ती मारलेली नाही, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मग ती उचलणारं घरचंच कुणीतरी, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मन धाकट्यावर इतकं टपून बसलं होतं, की त्यानेच आपल्याला अडकवायला हा डाव रचला असेल, यापलीकडे डोकं धावलंच नाही.

आणि मग एक विचार आला, इतका गोड की त्याला उभं राहावंसं वाटलं. मंच बांधला धाकट्यासाठी, ठीक आहे. पण पाचर? धाकट्याचं प्रात्यक्षिक फसावं म्हणून मारलेली पाचर? ती कुणासाठी?

माझ्यासाठी!

५

सुनावणीची खोली साधी होती. लांब टेबल, करकरणारा पंखा, एका बाजूला थोरला, समोर धाकटा आणि त्याची बायको. भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

मॅडमनी पाचर टेबलावर ठेवली.

"मी आधी शत्रूचा विचार केला," त्या म्हणाल्या. "शत्रू लोखंड घालतो, चाक मोडतो, मोटर जाळतो. इथे मऊ लाकूड घातलं होतं, आणि मोटरचा पट्टाही सैल करून ठेवला होता. म्हणजे मंच अडला तरी पट्टा नुसता घसरावा, काही तुटू नये. मग मालकाचा विचार केला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक असतात. भावावर आळ यावा म्हणून ठेकेदारानेच केलं असेल का? पण त्यात त्याचाच तोटा होता. मंच फिरला असता तर ठेका त्याच्या खिशात होता. त्याने तो का थांबवावा? मग उरतो तिसरा. ज्याला मंच थांबायला हवा होता, पण त्याला ओरखडाही उठायला नको होता. यंत्रावर पोटच्या पोरासारखी माया करणारा. कारखान्यात आणि तळघरात, दोन्हीकडे घरच्यासारखा वावरणारा. गुडघ्याने अधू. मी त्यांना बोलावलेलं नाही. त्यांना बोलवावं लागू नये अशी माझी इच्छा होती."

"नाही लागणार," दारातून आवाज आला.

काठी टेकत बाबा आत आले. धाकटा उठून खुर्ची द्यायला धावला. थोरलाही उठला होता, पण धाकटा जवळ होता.

"पाचर मी मारली," बाबा म्हणाले. "मंचही मीच बांधला. याने हाताखाली काम केलं, पण आखणी माझी, जोडणी माझी."

"बाबा!" धाकटा कळवळला.

"गप्प बस. तुला शपथा घालून घालून थकलो."

मॅडमनी धाकट्याला विचारलं, "यांना तुम्ही आपल्या कामावर असल्याचं दाखवलं असतं, तर अट पुरी झाली असती. स्वतःचं नाव का लिहिलंत?"

"बाबांनी शपथ घातली होती," धाकटा मान खाली घालून म्हणाला. "दादाला कळता कामा नये."

थोरल्याला आता राहवेना. "बाबा, मग पाचर का मारलीत? माझ्यासाठीच ना?" आवाज लहान पोरासारखा निघाला, त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "तुझ्यासाठी? नाही रे. तुझा काय संबंध?"

त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"क्लबातला मंच लहान आहे. दोन नट आणि एक टेबल. सरकारी मंचावर अख्खं घर उभं करतील, वर पन्नास पोरं नाचवतील. मला आता रुळाचा सांधा दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. याला सांगितलं, हे घेऊ नकोस, तुझं शिकणं अर्धंच झालंय. तर म्हणे, बाबा, तुम्ही आहात ना! मी किती दिवस आहे? उद्या कुणाचा पाय चाकात गेला म्हणजे? उघड बोललो असतो, तर एका पोराला खोटारडा ठरवायचं आणि दुसऱ्याला सांगायचं की दोन वर्षं तुला फसवलं. म्हटलं, मंचच अडू दे. ठेका जाईल, बोभाटा होणार नाही. लाकूड तुझ्या कारखान्यातलं उचललं, कारण हाताला दुसरं सवयीचं नाही. तुझ्यावर आळ येईल हे सुचलंच नाही. म्हातारपण, दुसरं काय."

"पण मला का फसवलंत? माझ्याकडे कारखाना आहे, अवजारं आहेत. काम करायचं होतं तर माझ्याकडे..."

"तूच म्हणालास, बाबा, आता कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, आराम करायचा. सगळ्या कामगारांसमोर. खुर्चीही आणलीस. चांगली आहे खुर्ची." बाबांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. "हा आला आणि म्हणाला, बाबा, मला येत नाही, शिकवा. तुला सगळं येत होतं रे. तुझ्याकडे मला काय काम?"

थोरल्याने टेबलाची कड धरली. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला, नेमक्या त्याच गोष्टीने त्याला बापापासून लांब नेलं होतं. आणि समोर तो धाकटा, ज्याला काही येत नाही, त्याच न येण्याच्या बळावर दोन वर्षांच्या दुपारी घेऊन बसला होता. ठेक्यापेक्षा त्या दुपारी थोरल्याला हव्या होत्या.

मॅडमनी निकाल तिथेच सांगितला. धाकट्याने अट पुरी केलेली नाही, त्याची निविदा रद्द. खोटं लिहिलं हे चूक, पण पोटात कपट नव्हतं, म्हणून काळ्या यादीत टाकण्याची शिफारस नाही. थोरल्याने स्वतः बांधलेले मंच त्यांनी आधीच तपासले होते. पात्र ठरणारा तो एकटाच उरला, तेव्हा ठेका त्याला.

बाहेर पडताना त्या थोरल्याजवळ थांबल्या. "तुमची हरकत बरोबर होती. हेव्याने बोलला म्हणून माणूस खोटंच बोलतो असं नाही." मग थर्मास काखेत मारून त्या निघून गेल्या.

६

ठेका मिळाल्याच्या आठवड्यात बाबांनी पिशवी भरली.

"थोडे दिवस धाकट्याकडे राहतो. त्याचं शिकणं अर्धवट राहिलंय."

थोरल्यानेच पिशवी उचलली, रिक्षा केली, बापाला पोचवलं. धाकटी सून दारात आली. तिच्या चेहऱ्यावर अजून अढी होती, पण "या भाऊजी" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. घरात खरंच उजेड फार होता.

दिव्यांची खोकी सारून मागच्या खोलीत धाकट्याने एक बाक मांडला होता. बाबा तिथे जाऊन बसलेही. धाकटा एक पट्टी जोडत होता.

"गाढवा, अशी धरतात पट्टी?" बाबा कडाडले. "आधी भोक बघ, मग स्क्रू!"

धाकटा हसला. खाली मान घालून, ऐकत. थोरला दारात चहाचा कप धरून उभा होता. किती वर्षं झाली, त्याला कुणी गाढव म्हटलं नव्हतं. छातीत पुन्हा तीच जुनी कळ आली. ठेका खिशात होता, तरी आलीच. ही काही जायची नाही, हे त्याला कळून चुकलं.

त्याने कप खिडकीत ठेवला.

"सोमवारी काम सुरू होतंय," तो जरा घुश्शातच म्हणाला. "रूळ वाकवायला माणसं कमी आहेत. दोघंही या."

धाकट्याने चमकून वर बघितलं. "दोघं? मी पण?"

"मग काय? शिकवायचंच असेल तर इथे दडून नाही शिकवायचं. माझ्या कामावर शिकवा. माझ्या डोळ्यांसमोर." मग बापाकडे न बघता त्याने पुढचं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "आणि ओरडायचं असेल तर दोघांवर ओरडायचं. एकट्या त्याच्यावर नाही."

बाबांनी पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही पोरांकडे आळीपाळीने बघितलं.

"मग चपला कशाला घालून उभा आहेस?" ते थोरल्यावर खेकसले. "बस खाली. पट्टीचं दुसरं टोक धर."